मांडव सरकारचा, घोषणा पक्षाच्या

छत्तीसगडमध्ये २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी एकोणीस दिवसांच्या अंतराने दोन सरकारी समारंभ झाले. पहिला १४ सप्टेंबरला रायगढ येथे झाला. रेल्वेचे सुमारे ६,३५० कोटी रुपयांचे प्रकल्प पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. राज्यात सरकार काँग्रेसचे होते आणि राज्याच्या वतीने उपमुख्यमंत्री टी. एस. सिंहदेव व्यासपीठावर होते. राज्याने केंद्राकडे मागणी केली तेव्हा मदत मिळाली, भेदभाव झाल्याचा आपला अनुभव नाही, अशा आशयाचे ते बोलले. यजमानाने पाहुण्यासमोर बोलावे तसेच हे बोलणे होते. परंतु त्यानंतर त्यांना स्वतःच्या पक्षात खुलासे करावे लागले आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या त्याच शब्दांचा निवडणूक प्रचारात मनसोक्त वापर केला.

दुसरा समारंभ ३ ऑक्टोबरला जगदलपूर येथे झाला. बस्तरमधील नगरनार येथे एनएमडीसी या केंद्र सरकारच्या कंपनीने २३,८०० कोटी रुपयांहून अधिक खर्च करून उभारलेला पोलाद कारखाना त्या दिवशी राष्ट्राला अर्पण झाला. मुख्यमंत्री भूपेश बघेल आले नाहीत आणि त्यांच्या मंत्रिमंडळातीलही कोणी आले नाही. कारखान्याच्या संभाव्य खासगीकरणाच्या विरोधात त्याच दिवशी बस्तर बंदची हाक देण्यात आली होती. सरकारी कार्यक्रम आटोपल्यावर झालेल्या पक्षाच्या जाहीर सभेत पंतप्रधानांनी या गैरहजेरीचा समाचार घेतला. सहा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली.

एका ठिकाणी सौजन्य दाखविणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली, तर दुसऱ्या ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आपल्याकडे अशा प्रसंगांची चर्चा ‘कोणी कोणाचा अपमान केला’ या प्रश्नाभोवती फिरते आणि दोन दिवसांत विरून जाते. मला त्यात वेगळा प्रश्न दिसतो. सरकारी समारंभ असतो तरी कोणाचा? मांडवाचे भाडे सरकारी तिजोरीतून जाते, बंदोबस्त पोलीस ठेवतात, निमंत्रणे जिल्हा प्रशासन पाठविते. मग तो समारंभ एखाद्या पक्षाचा कसा होऊ शकतो? आणि तो पक्षाचा होत असेल, तर तसे होण्यापासून रोखणारी लेखी तरतूद आपल्याकडे का नाही?

पोलादाच्या गावातून

मी भिलाईत राहतो. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात काढला. या गावाला सरकारी समारंभांची जुनी सवय आहे. भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. महाराष्ट्रातील वाचकांना कदाचित आठवणार नाही, परंतु त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होती, त्याची राजधानी नागपूर होती. कारखाना या भागात यावा म्हणून आग्रह धरणारे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरातूनच कारभार पाहत होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि भिलाईची राजधानी भोपाळ झाली. २००० साली याच तारखेला छत्तीसगड वेगळे झाले आणि भिलाईने रायपूरकडे तोंड वळविले.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखान्याची मूळ क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. पैसा केंद्राचा आणि सोव्हिएत कर्जाचा, तंत्रज्ञान सोव्हिएत अभियंत्यांचे, लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतले आणि जमीन दुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्यांची. या चौघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता, तर भट्टी पेटली नसती. सार्वजनिक प्रकल्पाचे स्वरूप असे मुळातच भागीदारीचे असते. त्याच्या उद्घाटनाचा समारंभ हा या भागीदारीचा जाहीर स्वीकार असतो. कोण कोठे बसले, कोणाचे नाव कोनशिलेवर आले आणि कोणाला बोलू दिले, यावरून सामान्य माणसाला संघराज्य म्हणजे काय ते दिसते. राज्यघटनेची कलमे सगळे वाचत नाहीत, पण व्यासपीठ सगळ्यांना दिसते.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. १९५९ मध्ये दिल्लीत आणि भोपाळमध्ये एकाच पक्षाची सत्ता होती, त्यामुळे भिलाईच्या व्यासपीठावरील सलोख्याला फारशी कसोटी लागली नव्हती. ज्या वर्षी आमची भट्टी पेटली, त्याच वर्षी ३१ जुलैला केरळमधील ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे निवडून आलेले सरकार केंद्राने बरखास्त केले. व्यासपीठावरचे सौजन्य तेव्हाही सत्तेच्या सोयीपलीकडे गेले होते असे म्हणता येणार नाही. खरी कसोटी केंद्रात एक आणि राज्यात दुसरा पक्ष असतो तेव्हाच लागते.

रस्ता आणि मांडव

निषेध आणि बेअदबी यांतील रेषा कोठे असते, याचे एक चांगले उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन तेव्हा ऐन भरात होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला होता. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासाठी हा प्रसंग मोठ्या जोखमीचा होता. समितीने प्रचंड निदर्शने केली. वाई आणि पसरणी घाटाच्या परिसरात हजारो लोक काळी निशाणे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी घोषणा दिल्या. पंतप्रधान त्या घोषणांमधून गेले, गडावरचा समारंभ पार पडला आणि समितीचे म्हणणेही देशभर पोहोचले. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले.

या प्रसंगात दोन्ही बाजूंनी एक मर्यादा पाळली. रस्ता निदर्शकांचा होता. तेथे पंतप्रधानांना काळे निशाण दाखविण्याचा नागरिकांचा हक्क कोणी नाकारला नाही. गडावरचा समारंभ राज्याचा होता, तो निदर्शकांनी उधळला नाही. आज ही विभागणी उलटली आहे. रस्त्यावरचे निदर्शक आदल्या रात्रीच प्रतिबंधक कारवाईत ताब्यात घेतले जातात आणि निमंत्रण देऊन मांडवात बसविलेले कार्यकर्ते राज्याच्या मुख्यमंत्र्यांना बोलू देत नाहीत.

ऑगस्ट २०१४ मध्ये हे सहा दिवसांत तीन राज्यांत घडले. १६ ऑगस्टला सोलापूर येथे वीजवाहिनी आणि महामार्गाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण बोलायला उभे राहताच पंतप्रधानांच्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या. १९ ऑगस्टला हरियाणात कैथल येथे मुख्यमंत्री भूपिंदरसिंह हुड्डा यांच्या वाट्याला तेच आले आणि यापुढे पंतप्रधानांबरोबर व्यासपीठावर बसणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. २१ ऑगस्टला रांची येथे झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांना हुल्लडबाजीला तोंड द्यावे लागले. त्याच दिवशी नागपुरात मेट्रो रेल्वेची कोनशिला बसविण्यात आली. केंद्र आणि राज्य यांची समान भागीदारी असलेल्या त्या प्रकल्पाच्या पायाभरणीला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. सोलापूरचा अनुभव ताजा होता.

या तिन्ही राज्यांत त्या वर्षअखेरपर्यंत विधानसभा निवडणूक व्हायची होती. काँग्रेसने हे सारे नियोजित असल्याचा आरोप केला, तर भाजपने तो जनतेचा उत्स्फूर्त रोष असल्याचे सांगितले. उत्स्फूर्त असो वा नियोजित, त्याचा परिणाम एकच होता. राज्य सरकारचा रोष मतपेटीतून व्यक्त करण्याची संधी मतदारांना दोन-चार महिन्यांतच मिळणार होती आणि त्यांनी ती घेतलीही. तिन्ही मुख्यमंत्र्यांची सरकारे गेली. मग मांडवातल्या हुल्लडीने लोकशाहीत कोणती भर घातली? तिने फक्त एवढेच शिकविले की, विरोधी पक्षाच्या मुख्यमंत्र्याने केंद्राच्या कार्यक्रमाला जाणे म्हणजे स्वतःच्या पायाने अपमानाकडे जाणे. पुढची अनेक वर्षे हा धडा सर्वांनी गिरविला.

दोष एका बाजूचा नाही

कोलकात्यात २३ जानेवारी २०२१ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या सव्वाशेव्या जयंतीवर्षाचा आरंभ व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये झाला. ममता बॅनर्जी बोलायला उठल्या तेव्हा श्रोत्यांतून ‘जय श्रीराम’च्या घोषणा झाल्या. सरकारी कार्यक्रमाला बोलावून अपमान करणे शोभत नाही, असे सांगून त्यांनी भाषण करण्यास नकार दिला. ३० डिसेंबर २०२२ रोजी हावडा स्थानकावर वंदे भारत गाडीच्या शुभारंभातही तेच घडले. पंतप्रधानांच्या मातोश्रींचे त्याच दिवशी पहाटे निधन झाले होते आणि तरीही ते दूरदृश्य प्रणालीद्वारे कार्यक्रमात सहभागी झाले होते. अशा दिवशीही घोषणा थांबल्या नाहीत, आणि मुख्यमंत्री व्यासपीठावर चढल्या नाहीत.

याच मुख्यमंत्र्यांनी २८ मे २०२१ रोजी कलाईकुंडा येथे ‘यास’ चक्रीवादळाच्या नुकसानीचा आढावा घेण्यासाठी आलेल्या पंतप्रधानांना अहवाल दिला आणि बैठकीला न थांबता त्या निघून गेल्या. बैठकीला राज्यातील विरोधी पक्षनेत्यांना बोलावल्याचा आक्षेप त्यामागे होता. वादळग्रस्तांच्या मदतीचा विषय त्या मानापमानात मागे पडला. त्याच संध्याकाळी राज्याच्या मुख्य सचिवांना दिल्लीत हजर होण्याचा आदेश निघाला. त्यांना नुकतीच सेवेत मुदतवाढ मिळाली होती. अखेर ३१ मे रोजी त्यांनी निवृत्ती स्वीकारली. दोन नेत्यांमधल्या संघर्षाची झळ सर्वप्रथम पोहोचली ती एका अधिकाऱ्याला.

पंजाबमध्ये २६ नोव्हेंबर २०१८ रोजी कर्तारपूर मार्गिकेच्या पायाभरणीला उपराष्ट्रपती आले होते. कोनशिलेवर अकाली दलाच्या बादल पिता-पुत्रांची नावे आहेत म्हणून काँग्रेसचे मंत्री सुखजिंदरसिंग रंधावा यांनी त्या शिळेवरील स्वतःच्या आणि आपल्या मुख्यमंत्र्यांच्या नावावर काळी पट्टी चिकटवली. फाळणीनंतर सात दशकांनी भाविकांसाठी वाट उघडण्याचा तो क्षण, आणि बातमी झाली ती चिकटपट्टीची.

महाराष्ट्रातही १४ जून २०२२ रोजी देहू येथे संत तुकाराम महाराज शिळा मंदिराच्या लोकार्पणात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांना भाषणाची संधी मिळाली नाही, तर विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस बोलले. तो कार्यक्रम संस्थानाचा होता हे खरे. पण पंतप्रधान ज्या व्यासपीठावर येतात, तेथील वक्त्यांचा क्रम हा राजशिष्टाचाराचा विषय होतोच. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने राज्यातले सरकार बदलले, तरी वक्त्यांची यादी कोणी ठरविली होती, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

सौजन्य आणि कणखरपणा एकत्र नांदू शकतात, याचेही उदाहरण आहे. २६ मे २०२२ रोजी चेन्नईत ३१ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या प्रकल्पांच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी पंतप्रधानांच्या समोर राज्याच्या मागण्या मांडल्या. वस्तू व सेवा कराची थकबाकी, ‘नीट’ परीक्षेतून सूट, कच्चथीवू बेटाचा प्रश्न हे सारे त्यात आले. भाजपच्या राज्यातील नेत्यांना हे औचित्यभंग वाटले. मला तसे वाटत नाही. मुख्यमंत्री हजर राहिले, पाहुण्यांचे स्वागत झाले, मागण्या मुद्द्यांनिशी मांडल्या गेल्या आणि पंतप्रधानांना आपल्या भाषणात हवे ते उत्तर देण्याची मोकळीक होती. नगरनारच्या बाबतीत छत्तीसगड सरकारलाही हे करता आले असते. कारखान्याचे निर्गुंतवणुकीकरण होणार असेल, तर तो राज्य विकत घेईल, असा ठराव राज्याच्या विधानसभेने २०२० च्या अखेरीस केला होता. तो ठराव पंतप्रधानांच्या समोर वाचून दाखविण्यासाठी त्या व्यासपीठाइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. रिकाम्या खुर्चीने तो वाचला नाही.

अधिकाऱ्याच्या टेबलावरून

अशा समारंभाची तयारी मी अनेकदा केली आहे, त्यामुळे काही गोष्टी आतून ठाऊक आहेत. राजशिष्टाचाराचे नियम आपल्याकडे नाहीत असे नव्हे. राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेला अग्रक्रम तक्ता आजही आधारभूत आहे. त्यात पंतप्रधान तिसऱ्या स्थानी, राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या स्थानी आणि मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातव्या स्थानी, केंद्रीय मंत्रिमंडळातील मंत्र्यांच्या बरोबरीने आहेत. संसद सदस्य एकविसाव्या स्थानी, म्हणजे भारत सरकारच्या सचिवांच्या वर आहेत. १ डिसेंबर २०११ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने काढलेल्या सूचनांनुसार एखाद्या भागात सरकारी कार्यक्रम असेल, तर तेथील संसद सदस्याला निमंत्रण दिलेच पाहिजे आणि त्याच्या आसनाची योग्य व्यवस्था झाली पाहिजे.

परंतु हे नियम खुर्चीपाशी थांबतात. कोणी बोलावे, किती बोलावे, मांडवात कोणाला प्रवेश द्यावा, घोषणा झाल्यास सूत्रसंचालकाने काय करावे, यावर ते मौन बाळगतात. त्या मौनात राजकारण शिरते. मिनिटनिहाय कार्यक्रम चार-चार वेळा बदलतो. अमुक नाव वगळा, तमुक घाला, असे निरोप तोंडी येतात, लेखी कधीच येत नाहीत. माझ्या सेवेत एका जिल्ह्यात एकाच इमारतीची कोनशिला दोनदा घडवावी लागली होती, कारण पहिलीवर विरोधी पक्षाच्या स्थानिक आमदाराचे नाव नियमाप्रमाणे आले होते. दुसऱ्या शिळेचा खर्च ‘किरकोळ बाबी’ या सदरात पडला.

गर्दी जमविण्याची गोष्टही अशीच आहे. सरकारी कार्यक्रमाला माणसे आणण्याचे उद्दिष्ट विभागांना वाटून दिले जाते. बसगाड्या अधिग्रहित होतात. अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या महिला आणि निरनिराळ्या योजनांचे लाभार्थी सकाळपासून उन्हात आणून बसविले जातात. पुढच्या रांगांचे प्रवेशपत्र मात्र कार्यकर्त्यांच्या हाती गेलेले असते. ध्वनिवर्धकाजवळची घोषणा पुढच्या रांगेतून येते आणि दूरचित्रवाणीवर ती जनतेचा आवाज म्हणून दिसते.

काही बिघडले की चौकशी होते ती अधिकाऱ्याची. खासदारांना निमंत्रण न मिळणे, त्यांचे नाव न छापणे अशा तक्रारी ऐकण्यासाठी लोकसभेची स्वतंत्र समिती आहे आणि तिच्यापुढे सरकारी अधिकाऱ्यांना उभे राहावे लागते. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांनी अधिकाऱ्याला राजकीय तटस्थतेचे बंधन घातले आहे. व्यासपीठावरील नेत्यावर मात्र असे कोणतेही बंधन नाही. निःपक्षपाती राहण्याची सारी जबाबदारी ज्याच्या हातात कार्यक्रमाची सूत्रे नाहीत, त्याच्याच खांद्यावर आहे.

कोनशिलांचा हंगाम

आदर्श आचारसंहितेने सत्ताधारी पक्षासाठी या बाबतीत स्पष्ट नियम घातले आहेत. मंत्र्यांनी सरकारी दौरा आणि प्रचार यांची सांगड घालू नये, निवडणूक जाहीर झाल्यानंतर कोनशिला बसवू नये. अडचण अशी की, ही संहिता निवडणुकीची घोषणा झाल्यावर लागू होते. त्यामुळे घोषणेपूर्वीचे काही महिने हा कोनशिलांचा हंगाम ठरतो. भिलाईने तो पाहिला आहे. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधान येथे आले. कारखान्याच्या विस्ताराचे लोकार्पण आणि आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणी एकाच दिवशी झाली. पाच महिन्यांनी राज्यात विधानसभा निवडणूक झाली. त्याच आयआयटीच्या संकुलाचे उद्घाटन २० फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूहून दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले, तेव्हा लोकसभा निवडणुकीची घोषणा चार आठवड्यांच्या आत यायची होती.

कामे खरी आहेत, हे नमूद केले पाहिजे. भिलाईचे लांबलचक रूळ देशभर जातात. आयआयटीचे संकुल या भागाला मिळाले, याचा येथील प्रत्येक कुटुंबाला आनंद आहे. राज्यकर्त्यांनी केलेल्या कामाचे श्रेय घेऊ नये, असेही कोणी म्हणणार नाही. पण श्रेय घेण्याची जागा पक्षाची सभा आहे. तेथे हवे तेवढे बोलावे, विरोधकांना धारेवर धरावे. सरकारी मांडवात मात्र श्रेय कारखान्याला, त्यात काम करणाऱ्याला, जमीन देणाऱ्याला आणि कर भरणाऱ्याला मिळायला हवे. या गटांत प्रत्येक पक्षाचे मतदार असतात.

लेखी नियम हवेत

या दुखण्यावर सद्भावनेचे आवाहन हा उपाय नाही. आवाहने दरवेळी होतात आणि ज्याचे राज्य असते त्याला ती ऐकू येत नाहीत. दुसरीकडे याच देशात सरकारी जाहिरातींच्या बाबतीत काही प्रमाणात शिस्त आणता आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी पैशाने होणाऱ्या जाहिरातींतून पक्षाचा प्रचार वगळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. छायाचित्रांवरील बंधने पुढच्या वर्षी सैल झाली, तरी ‘सरकारी पैसा पक्षासाठी नाही’ हे तत्त्व लेखी झाले. जे जाहिरातीला लागू आहे, ते समारंभाला लागू करण्यास हरकत काय?

माझ्या अनुभवातून पाच नियम सुचवावेसे वाटतात. पहिला, केंद्राच्या पैशाने राज्यात होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात मुख्यमंत्री किंवा त्यांचा प्रतिनिधी बोलेल, आणि केंद्राचा वाटा असलेल्या राज्याच्या कार्यक्रमात स्थानिक खासदार बोलेल. पक्ष कोणताही असो, हा क्रम बदलता येणार नाही. दुसरा, कोनशिलेवरील नावे पदानुसार आणि प्रकल्पातील वाट्यानुसार ठरतील, आणि मंजूर यादी समारंभाच्या आठवडाभर आधी जाहीर होईल. तिसरा, प्रवेशपत्रिका फक्त जिल्हा प्रशासन देईल आणि त्या पत्रिकेवरच पक्षाचा झेंडा, चिन्ह व घोषणा यांना मनाई असल्याचे छापलेले असेल. चौथा, सरकारी कार्यक्रम आणि पक्षाची सभा एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात होणार नाही. विधानसभेची किंवा लोकसभेची मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत तरी हे काटेकोरपणे पाळले जावे. पाचवा, निमंत्रित सरकारला गैरहजर राहायचे असेल, तर ते कारण लेखी देईल आणि किमान एका मंत्र्याला पाठवील. निषेध नोंदवायचा असेल, तर तो व्यासपीठावर निवेदन देऊन नोंदवता येईल.

घोषणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही परिपत्रकात बसणार नाही. ज्याच्या नावाने घोषणा होत आहे, त्यानेच उठून ध्वनिवर्धक हातात घ्यावा आणि ‘हे राज्याचे मुख्यमंत्री आहेत, त्यांना बोलू द्या’ एवढे सांगावे. सूत्रसंचालक दहा वेळा सांगूनही जे होत नाही, ते या एका वाक्याने होईल. अधिकाऱ्याचे अधिकार येथे संपतात.

हे नियम कोणी करावेत? त्यासाठी घटनेच्या २६३ व्या कलमाखाली १९९० मध्ये स्थापन झालेली आंतरराज्य परिषद आहे. पंतप्रधान तिचे अध्यक्ष असतात आणि सर्व मुख्यमंत्री सदस्य. जुलै २०१६ मध्ये तिची अकरावी बैठक झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे ती भरली नाही. ज्या मंचावर पंतप्रधान आणि मुख्यमंत्री घोषणांविना समोरासमोर बसू शकतात, तो मंच ओस पडला आहे आणि त्याची जागा मैदानातील मांडवांनी घेतली आहे. परिषदेच्या एका बैठकीत समारंभांची संहिता मंजूर करणे अशक्य नाही. आज केंद्रात असलेला पक्ष उद्या एखाद्या राज्यात विरोधी मांडवात बसणार आहे आणि आज राज्यात असलेला पक्ष उद्या केंद्रात जाऊ शकतो, त्यामुळे या संहितेत प्रत्येकाचा स्वार्थही आहे.

उल्लंघन झाल्यावर संस्थेने काय करावे, याचा एक नमुना अमेरिकेत सापडतो. ९ सप्टेंबर २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा संसदेच्या संयुक्त सभेत बोलत असताना जो विल्सन या रिपब्लिकन सदस्याने ते खोटे बोलत असल्याची आरोळी ठोकली. विल्सन यांनी त्याच रात्री दिलगिरी व्यक्त केली. तरीही प्रतिनिधिगृहाने १५ सप्टेंबरला २४० विरुद्ध १७९ मतांनी त्यांच्या वर्तनाबद्दल नापसंतीचा ठराव केला. मतदान बव्हंशी पक्षाच्या रेषेवर झाले, हे खरे. पण औचित्यभंगाची अधिकृत नोंद झाली. सोलापूर, कैथल, रांची किंवा कोलकात्याच्या घोषणांची अशी नोंद आपल्याकडे कोणत्याही सभागृहाच्या ठरावात झालेली नाही.

छत्तीसगडमध्ये २०२३ च्या अखेरीपासून केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाची सत्ता आहे. त्यामुळे आमच्याकडचे समारंभ सध्या शांततेत पार पडतात, जसे १९५९ मध्ये पार पडत होते. अशा शांत काळातच नियम लिहून ठेवावे लागतात. मतभेदाच्या काळात लिहिलेला नियम कोणाविरुद्ध आहे, हेच प्रत्येक जण आधी विचारतो. पुढे कधीतरी दिल्ली आणि रायपूर पुन्हा वेगवेगळ्या पक्षांकडे जातील. तेव्हा एखाद्या कारखान्याच्या लोकार्पणात राज्याचा मुख्यमंत्री बोलायला उभा राहील आणि मांडव त्याचे ऐकून घेईल की नाही, हे त्या दिवशीच्या गर्दीच्या मनावर सोडून चालणार नाही.